टी. नगरच्या पदपथावर नवख्याला जागा कोण देणार?

चेन्नईच्या मांबलम उपनगरी रेल्वे स्थानकातून पूर्वेच्या बाजूला उतरले की प्रवासी थेट रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीत शिरतो. दादर पश्चिमेला उतरून रानडे रोडकडे निघालेल्या मुंबईकराला हे दृश्य परके वाटू नये. दोन्ही अंगांना कापडाची, भांड्यांची, दागिन्यांची बहुमजली दुकाने, आणि त्यांच्या पायऱ्यांना लागून रुमाल, केसांच्या पिना, रांगोळीचे साचे, कापलेली फळे, मोगऱ्याचे गजरे विकणारी माणसे. तमिळमध्ये या दुकानांना 'नडैपादै कडै', म्हणजे पदपथावरचे दुकान, असे म्हणतात. दिवाळी, पोंगल आणि आडी महिन्यातील सवलतीच्या विक्रीच्या दिवसांत येथे पाऊल ठेवायला जागा उरत नाही.

या गर्दीत वर्षानुवर्षे बसणाऱ्या विक्रेत्यांच्या हक्कांविषयी आपल्याकडे बरीच चर्चा झाली आहे. न्यायालयांचे निकाल आले, कायदा झाला, समित्या नेमल्या गेल्या. एक प्रश्न मात्र त्या चर्चेच्या कडेलाच राहिला. जो काल तेथे नव्हता आणि आज चार पैसे मिळवण्यासाठी टोपली घेऊन आला आहे, त्याने बाजारात प्रवेश कसा मिळवावा? त्याची पात्रता कोणी आणि कोणत्या कसोटीवर ठरवावी?

टी. नगरच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच लक्षवेधी आहे, कारण येथे बाजार हाच मुळी नवखा. गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात मद्रास शहराच्या विस्तारासाठी जुन्या लाँग टँक तलावाच्या परिसरात ही वसाहत आखली गेली. जस्टिस पक्षाचे नेते सर पी. त्यागराय चेट्टी यांचे नाव तिला मिळाले. मधल्या उद्यानाला पनगलच्या राजांचे नाव देण्यात आले. आखणी होती ती राहण्यासाठी. प्रशस्त रस्ते, बंगले, झाडी अशी ती कल्पना होती. पुढे बंगल्यांच्या जागी दुकाने आली, दुकानांवर मजले चढले, आणि सर त्यागराय रोडचा काही भाग पाँडी बझार या नावाने प्रसिद्ध झाला. फेरीवाले आले ते ग्राहकांच्या मागोमाग.

यादीत नाव असणे

पाँडी बझारच्या पदपथावरील विक्रेत्यांना २०१३ साली एका बहुमजली संकुलात हलवण्यात आले. मद्रास उच्च न्यायालयात दीर्घकाळ चाललेल्या प्रकरणाची त्याला पार्श्वभूमी होती. सुमारे सहाशे गाळ्यांचे हे संकुल महापालिकेने खास याच कामासाठी उभारले होते. वरच्या मजल्यांवर गिऱ्हाईक चढत नाही, ही विक्रेत्यांची तक्रार लवकरच सुरू झाली. तीत नवल काही नव्हते. पदपथावरचा माल हा जाता जाता घेण्याचा माल. दहा रुपयांच्या पिनेसाठी जिना चढणारी गृहिणी विरळाच.

नोव्हेंबर २०१९ मध्ये याच रस्त्यावर स्मार्ट सिटी योजनेतून पादचारी संकुल खुले झाले. पदपथ रुंद झाले, बाके आली, वाहनांची जागा आक्रसली. मे २०२३ मध्ये मांबलम स्थानकाला टी. नगर बस स्थानकाशी जोडणारा ५७० मीटर लांबीचा आकाशमार्गही सुरू झाला. चालणाऱ्यांची सोय झाली हे निर्विवाद आहे. पण जेथे चालणारे वाढतात तेथे विकणारे येतात, हा बाजाराचा जुना नियम. रुंद पदपथांवर विक्रेते पुन्हा दिसू लागले, आणि महापालिकेची पथकेही त्यांच्या मागे आली.

अशा प्रत्येक वळणावर विक्रेत्याचे भवितव्य एका गोष्टीने ठरते, ती म्हणजे यादीत नाव आहे की नाही. नाव असेल त्याला गाळा, ओळखपत्र आणि वाटाघाटीच्या टेबलाशी खुर्ची. ज्याचे नाव नाही तो अतिक्रमण करणारा. दोघे एकाच पदपथावर, एकच माल, एकाच भावाने विकत असले तरी.

यादी करणे अटळ आहे, हे मान्य केले पाहिजे. पदपथ अमर्याद नाही. अपंग व्यक्ती, लहान मुलाला कडेवर घेतलेली आई, रुग्णवाहिका, अग्निशमन दलाचा बंब यांचाही त्या रस्त्यावर हक्क आहे. प्रश्न आहे तो यादीचे दार पुन्हा कधी उघडते, आणि त्या दारावर कोण उभा आहे, हा.

कायद्यातील एक पोटकलम

'पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४' हा केंद्रीय कायदा १ मे २०१४ पासून अमलात आला. त्यामागे तीन दशकांची न्यायालयीन वाटचाल होती. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या १९८५ मधील प्रकरणात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने फेरीवाला क्षेत्र आणि ना-फेरीवाला क्षेत्र या कल्पनेला आकार दिला. १९८९ मध्ये सोदान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर व्यवसाय करणे हा मूलभूत हक्क मानला, मात्र ठरावीक जागेवरच बसण्याचा हक्क नाही, असेही स्पष्ट केले. २०१० मध्ये गैंदाराम प्रकरणात न्यायालयाने सरकारला कायदा करण्याची मुदतच घालून दिली.

या कायद्याची रचना मुख्यतः सर्वेक्षणावर उभी आहे. नगर पथविक्रेता समितीने दर पाच वर्षांनी किमान एकदा पाहणी करावी, पाहणीत आढळलेल्या प्रत्येक विक्रेत्याला विक्री प्रमाणपत्र द्यावे, आणि ते काम पूर्ण होईपर्यंत कोणालाही उठवू नये, असा तिचा सारांश. लोकसंख्येच्या अडीच टक्के ही सामावून घेण्याची मर्यादा. प्रमाणपत्रधारकाला काही हमी द्याव्या लागतात. व्यवसाय त्याने स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फतच करायचा, उपजीविकेचे दुसरे साधन असता कामा नये, आणि प्रमाणपत्र कोणालाही भाड्याने द्यायचे नाही किंवा हस्तांतरित करायचे नाही.

आता नवख्याकडे वळू. दोन पाहण्यांच्या मधल्या काळात एखाद्याला व्यवसाय सुरू करायचा असेल, तर योजना, आराखडा आणि क्षेत्राची धारणक्षमता पाहून समिती त्याला प्रमाणपत्र देऊ शकेल, अशी तरतूद कलम ४ मध्ये आहे. अर्जदार जागेपेक्षा अधिक झाले तर सोडत काढावी, असेही कायदा सांगतो. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, महिला, अपंग आणि अल्पसंख्याक यांना प्राधान्य आहे.

म्हणजे दार आहे. पण ते एका पोटकलमात आहे, आणि त्याची कडी आतून लागते. जुन्या विक्रेत्याबद्दल कायदा समितीला आज्ञा करतो, नव्याबद्दल केवळ मुभा देतो. पाहणीच्या दिवशी उभा असलेला माणूस हक्काने प्रमाणपत्र मागू शकतो. दुसऱ्या दिवशी आलेल्याला समितीच्या मर्जीची वाट पाहावी लागते.

ही समिती कोणाची बनते, हेही पाहण्यासारखे आहे. आयुक्त किंवा मुख्याधिकारी अध्यक्ष, आणि किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. ही तरतूद विक्रेत्यांच्या चळवळीने मोठ्या कष्टाने मिळवली आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही निवडून देतात ते जुने विक्रेते. रस्त्यावर नवा माणूस बसला की त्यांच्या गिऱ्हाइकाची वाटणी होते. त्यांच्या प्रतिनिधीने नवख्यासाठी हात वर करावा, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला फारशी धरून नाही. प्रमाणपत्र नाकारले गेले तर अपील स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे ज्या महापालिकेचा आयुक्त समितीचा अध्यक्ष आहे त्याच महापालिकेकडे.

दार बंद ठेवल्याचा परिणाम

नव्यांना प्रवेश थांबवला तर काय होते, याचे उदाहरण शोधायला चेन्नईच्या बाहेर पडावे लागेल, आणि मराठी वाचकाला ते घरचेच आहे. मुंबई महापालिकेने १९७८ नंतर फेरीवाल्यांना नवे परवाने देणे थांबवले. त्या वेळचे परवाने होते सुमारे १५ हजार. वीस वर्षांनी, १९९७-९८ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्था आणि 'युवा' या संस्थेने महापालिकेसाठी मोजणी केली तेव्हा महापालिकेच्या जागेवर १ लाख २ हजारांहून अधिक फेरीवाले आढळले. परवाने थांबले, माणसे थांबली नाहीत.

२०१४ च्या कायद्यानंतर मुंबईत पाहणी झाली, तेव्हा सुमारे ९९ हजार अर्ज महापालिकेकडे आले. दशकभराच्या छाननीनंतर २९ ऑगस्ट २०२४ रोजी समितीवरील प्रतिनिधींची निवडणूक झाली, तेव्हा मतदार यादीत होते ३२ हजारांच्या आसपास विक्रेते. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. तिचे अडीच टक्के म्हणजे ३ लाख ११ हजार. अडीच टक्के ही कमाल मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे, हे लक्षात घेऊनही दोन आकड्यांतील अंतर बोलके आहे.

या छाननीत अनेकांची गाडी अडली ती अधिवास दाखल्यावर. महाराष्ट्रात हा दाखला मिळवण्यासाठी सर्वसाधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. स्थानिकांना प्राधान्य मिळावे ही भावना समजण्यासारखी आहे आणि तिचे राजकारणही सर्वांना परिचित आहे. परंतु कसोटी म्हणून पाहिले तर अधिवास दाखला विक्रेत्याबद्दल फार थोडे सांगतो. माणूस रस्ता मोकळा ठेवतो का, कचरा उचलतो का, वजनात मारतो का, जागा स्वतः चालवतो की दुसऱ्याला भाड्याने देतो, यांपैकी कशाचेच उत्तर त्या कागदात नसते. शिवाय झोपडपट्टीत वाढलेल्या, शाळा अर्ध्यावर सोडलेल्या मराठी बाईलाही तो कागद सहजासहजी मिळत नाही, ही गोष्ट या वादात फारशी कोणी बोलत नाही.

अधिकृत दार बंद झाले की प्रवेशाची व्यवस्था संपत नाही. ती दुसऱ्यांच्या हातात जाते. नवा माणूस सहसा एखाद्या नातेवाईकाच्या किंवा गाववाल्याच्या जागेवर मदतनीस म्हणून उभा राहतो. माल कोठून उचलायचा, कोणत्या वेळी गाडी येते, कोणाला नमस्कार करायचा, हे तो शिकतो. मग दोन पथाऱ्यांच्या मधल्या हातभर जागेत त्याला धंदा लावू दिला जातो. त्यासाठी जुन्या विक्रेत्याची संमती लागते, मागच्या दुकानदाराची लागते, कधी संघटनेची लागते, आणि बहुतेक ठिकाणी हप्ता लागतो. ही परीक्षाच आहे, आणि तिला स्वतःचे तर्कशास्त्रही आहे. ओळखीतून आलेला माणूस भांडत नाही, उधारी बुडवत नाही. पण ज्याला ओळख नाही, जी बाई एकटी आहे, ज्याची जात वा भाषा वेगळी आहे, त्याला या परीक्षेला बसताच येत नाही. आणि येथे दिलेल्या पैशाची पावती मिळत नाही.

न्यूयॉर्कचा अनुभव याहून वेगळा नाही. तेथे किरकोळ वस्तू विकणाऱ्यांच्या परवान्यांवर १९७९ मध्ये ८५३ ही मर्यादा घालण्यात आली, त्यातून माजी सैनिकांना सूट. खाद्यपदार्थांच्या गाड्यांच्या परवान्यांवर १९८३ मध्ये मर्यादा घातली गेली. परिणाम असा की परवाना एकाच्या नावावर आणि गाडीवर उन्हात उभा दुसराच, अशी पद्धत रूढ झाली, आणि थोडक्या शासकीय शुल्काचा परवाना हजारो डॉलरच्या भाड्याने फिरू लागला. २०२१ मध्ये त्या शहराने कायदा बदलला. दरवर्षी ४४५ नवे परवाने दहा वर्षे द्यायचे आणि परवानाधारकाने स्वतः गाडीवर हजर राहायचे, असे ठरले. अंमलबजावणी रेंगाळली हे खरे, पण मोजक्या प्रमाणात दार दरवर्षी उघडायचे, ही कल्पना विचार करण्याजोगी आहे.

दुकानांना दुसरी संधी

टी. नगरमध्ये आणखी एक विसंगती दिसते, ती रस्त्यावरून नव्हे तर वर मान करून पाहिल्यावर. ऑक्टोबर २०११ च्या अखेरीस रंगनाथन स्ट्रीट आणि उस्मान रोड परिसरातील अनेक मोठ्या व्यापारी इमारतींना नियोजन प्राधिकरणाने टाळे ठोकले. मंजूर आराखड्यापेक्षा जास्त बांधकाम, अग्निसुरक्षेची वानवा, ही कारणे. जानेवारी २०१२ मध्ये पोंगलच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयाने त्या तात्पुरत्या उघडण्याची मुभा दिली. तमिळनाडूत अशा बांधकामांना शुल्क घेऊन नियमाकूल करण्याची तरतूद १९९८ मध्ये झाली होती. २०१२ मध्ये कायद्यात पुन्हा दुरुस्ती करून १ जुलै २००७ पूर्वीच्या बांधकामांना सवलतीचा मार्ग खुला करण्यात आला.

म्हणजे नियम मोडून आठ मजले बांधणाऱ्याला राज्य सांगते की अर्ज कर, शुल्क भर, आपण तुझा विचार करू. त्याच इमारतीच्या पायरीशी टोपली ठेवणाऱ्या नव्या बाईला सांगितले जाते की पाहणी होऊन गेली. इमारतीत शेकडो कामगार आहेत, गुंतवणूक आहे, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु उपजीविका हा निकष मानायचा तर तो दोन्हीकडे लावावा लागेल.

जबाबदारीची पायरी

नवख्याला थेट पाँडी बझारच्या मोक्याच्या कोपऱ्यावर कायमची जागा द्यावी, असे कोणी म्हणणार नाही. मागील वीस वर्षे ऊन-पाऊस सोसून बसलेल्या विक्रेत्यावर तो अन्याय ठरेल. कायद्याच्या परिशिष्टात पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार मानावे आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्व आहे. ते योग्यच आहे.

मात्र काल येणे आणि आज येणे यांत केवळ तारखेचाच फरक करायचा, की माणसाच्या वर्तनालाही काही किंमत द्यायची? या बाबतीत केंद्राच्याच एका योजनेत उपयुक्त धागा सापडतो. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या 'पीएम स्वनिधी' योजनेत पथविक्रेत्याला विनातारण १० हजार रुपयांचे खेळते भांडवल देण्यात आले. ते वेळेवर फेडले की २० हजार, आणि तेही फेडले की ५० हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ देताना पहिल्या दोन पायऱ्या १५ आणि २५ हजारांच्या करण्यात आल्या. मूळ योजनेतही २४ मार्च २०२० ही तारीख होतीच, त्या दिवशी किंवा त्यापूर्वी व्यवसाय करणाऱ्यांनाच लाभ. पण ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते त्यांना महापालिकेच्या किंवा समितीच्या शिफारसपत्रावर कर्ज मिळू शकले. तुम्ही कोठून आलात, यापेक्षा घेतलेले पैसे परत केलेत का, हा प्रश्न बँकेने विचारला.

जागेच्या बाबतीत असा जिना उभारणे अवघड नाही. कायद्यात स्थिर आणि फिरता असे विक्रेत्यांचे प्रकार आहेतच. नव्या अर्जदाराला प्रथम फिरत्या विक्रेत्याचे, ठरावीक वेळेचे किंवा आठवडी बाजाराचे प्रमाणपत्र द्यावे. वर्ष-दोन वर्षांत त्याच्याविरुद्ध रस्ता अडवल्याची वा जागा भाड्याने दिल्याची नोंद झाली नाही, शुल्क नियमित भरले गेले, तर रिकाम्या होणाऱ्या स्थिर जागांच्या सोडतीत त्याचे नाव घालावे. जागा रिकाम्या होतातच. माणसे गावी परततात, वृद्ध होतात, मुले दुसरी नोकरी धरतात. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास पती, पत्नी वा अवलंबित अपत्याला प्राधान्य आहे, ते राहावे. त्यापलीकडे उरलेल्या जागा आज गुपचूप हात बदलतात. त्यांची यादी दर सहा महिन्यांनी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागली तरी मध्यस्थांचा निम्मा धंदा बसेल.

या व्यवस्थेला आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. वर्तनाची नोंद ठेवणार कोण? तोच निरीक्षक, ज्याच्या हातात आज जप्तीची गाडी आहे. त्याच्या वहीतील एका शेऱ्यावर एखाद्याची दोन वर्षे वाया जाणार असतील, तर हप्त्याला नवे निमित्त मिळेल. म्हणून शेरा लेखी असावा, विक्रेत्याला त्याची प्रत मिळावी, आणि वाद झाल्यास तो कलम २० अन्वये नेमल्या जाणाऱ्या तक्रार निवारण समितीपुढे जावा. या समितीचा अध्यक्ष माजी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी असतो. जुन्या विक्रेत्यांचे प्रतिनिधी नव्यांच्या अर्जांवर मत जरूर देवोत, पण ज्या रस्त्यावर त्यांची स्वतःची जागा आहे त्या रस्त्याच्या अर्जावर त्यांनी मतदानातून बाजूला राहावे, एवढी शिस्त अवघड नसावी.

दुसरा आक्षेप जागेचा. धारणक्षमता संपली असेल तर जिना चढून जायचे कोठे? रंगनाथन स्ट्रीटच्या बाबतीत हा आक्षेप बहुधा खराच आहे, तेथे आणखी एक टोपलीही मावणार नाही. पण टी. नगर म्हणजे केवळ रंगनाथन स्ट्रीट नव्हे. आकाशमार्गाने पादचाऱ्यांचा प्रवाह बस स्थानकाकडे वळवला आहे, आतले रस्ते दुपारी ओस असतात, आणि कोणत्या तासाला कोठे किती माणसे उभी राहू शकतात याचे मोजमाप करणे हे समितीचेच काम आहे. धारणक्षमता हा आकडा एकदा लिहून कपाटात ठेवण्याचा नाही.

कायदा अमलात येऊन दशक उलटले. पुढची पाहणी जेव्हा होईल तेव्हा गणक पदपथावर उतरतील आणि त्या दिवशी तेथे कोण उभे आहे, हे लिहून घेतील. पाहणीची बातमी आधी संघटनांना लागते, मग दुकानदारांना, मग गावाकडच्या भावंडांना. त्या आठवड्यात पदपथावरची गर्दी एकाएकी वाढते, आणि घरी आजारी मुलापाशी थांबलेल्या बाईचे नाव राहून जाते. तिला पुन्हा अर्ज करता यावा, यासाठी कलम ४ मधले ते पोटकलम आहे. त्याखालील अर्जाचा नमुना कोणत्या खिडकीवर मिळतो, हे मात्र महापालिकांनी सांगायला हवे.